समासातलं राहू द्या

मला टिंबं दिसेनाशी झाली, तिथून हे सगळं सुरू झालं.

टिंबांवर मी आयुष्यभर पोट भरलं आहे. पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात एकतीस वर्षं प्रुफं तपासली. अनुस्वार कुठे गळलाय आणि कुठे आगाऊपणे येऊन बसलाय, हे मला रस्त्यापलीकडच्या पाटीवरूनही कळायचं, आणि कळलं की सांगितल्यावाचून राहवायचं नाही. कोपऱ्यावरच्या शिंप्याने ‘कपडे शीवून मिळतील’ असं रंगवून घेतलं होतं. दोन वर्षं त्याच्या मागे लागून तो ‘शी’ मी ऱ्हस्व करून घेतला. शिंपी अजून माझ्याशी धड बोलत नाही.

तर गेल्या वर्षी माझ्या असं लक्षात आलं, की लोकांनी अनुस्वार देणंच सोडून दिलंय. पुस्तक घ्या, पत्रक घ्या, कुठे टिंब म्हणून नाही. मी छापणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. हे ऐकून घेत होते. हे म्हणजे आमचे हे, माझा नवरा. शेवटी त्यांनी माझ्या हातातलं पान काढून घेतलं, पाहिलं आणि हळूच म्हणाले, “अगं, आहेत की टिंबं. सगळी आहेत.”

यांना न सांगता मी सरकारी दवाखान्यात गेले. तिथे डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारून पाहिलं आणि निकाल दिला. मोतीबिंदू. म्हणजे जगातली सगळी टिंबं गेली आणि एक बिंदू तेवढा डोळ्यात ठाण मांडून बसला. हा विनोद मी त्यांना सांगितला, पण त्यांच्यामागे चाळीस माणसं रांगेत होती. “आजी, उजवा डोळा पिकलाय, तो आधी काढू,” त्या म्हणाल्या. ऑपरेशन फुकट, पण आत बसवायची लेन्स आणि नंतरची औषधं आपण आणायची. त्या दिवशी सोबत घरचं माणूस हवं. सोमवारपर्यंत होय-नाही कळवायचं, नाहीतर नंबर दुसऱ्याला जाणार. लेन्सची किंमत त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिली. ती मात्र मला अगदी स्पष्ट दिसली.

आमची पेन्शन म्हणजे छापून, बांधून झालेलं पुस्तक. निवृत्तीच्या दिवशी जो आकडा पडला तो पडला, त्यात आता काना-मात्रेची दुरुस्ती नाही. भाव मात्र दर महिन्याला नवी आवृत्ती काढतात. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. अहो, पण अंथरूणच दर महिन्याला आखडायला लागलं, तर माणसाने पाय पोटात घ्यायचे तरी किती? वर्तमानपत्र आम्ही बंद केलं. फळं डॉक्टरांनी सांगितली तरच, आणि डॉक्टरांकडे गेलो तरच. वर औषधं. म्हातारपण हा दुष्काळ, आणि औषधांचं दुकान हा त्यातला तेरावा महिना.

औषधांची यादी हे करायचे. यांचं अक्षर मोत्यासारखं. दर महिन्याच्या शेवटी टेबलाशी बसून हे यादी लिहीत, मग पेन्सिल घेऊन तीत काहीतरी काटत. काटायचं ते कायम स्वतःचं. मलमाची नळी, पोटाचं चूर्ण, गुडघ्याचा पट्टा. मी दवाखान्यात गेले त्याच्या चार महिने आधी यांनी कानाच्या मशीनच्या बॅटऱ्या काटल्या.

मला तो प्रकार मुळीच खपला नाही. डाळीच्या दाण्याएवढ्या त्या बॅटऱ्या, एका कार्डावर सहा. त्यांचा भाव वर्षात दुप्पट झाला होता हे खरं. पण यांना बॅटरीशिवाय ढग गडगडला तरी पत्ता लागत नाही. वाद घालत बसायचा माझा स्वभाव नाही (हे यांना विचारू नका), आणि आम्हा दोघांत वाद घालायची गरजही नव्हती. छापखान्यात एखादा शब्द चुकून काटला गेला आणि तो परत ठेवायचा असला, तर त्याच्याखाली टिंबं द्यायची आणि समासात लिहायचं ‘राहू द्या’. म्हणजे काट रद्द, शब्द होता तिथे राहील. मी पेन्सिल घेतली, ‘बॅटऱ्या’च्या खाली टिंबटिंब केलं, समासात ‘राहू द्या’ लिहिलं, आणि यादी दुकानात देऊन आले. पुढच्या महिन्यात यांनी परत काटलं, मी परत ‘राहू द्या’ लिहिलं. मला त्यात गंमतसुद्धा वाटली. या वयात नवराबायको एकमेकांना आणखी कसली चिठ्ठी लिहिणार?

औषधांचं पुडकं घरी यायचं. ते सोडायचं आणि गोळ्या वारांच्या डबीत भरायच्या, हे काम यांचं. बिलावरचा बारीक मजकूर मला दिसत नव्हता. दुकानदार सांगेल तेवढे पैसे मी देत होते, आणि ते नेहमीएवढेच असायचे.

आता त्या संध्याकाळचं सांगते. दवाखान्यातून आले तो शनिवार होता. यांना कसं सांगावं याची मी वाटभर जुळवाजुळव केली. लेन्सची किंमत तोंडातून काढणं मला जड जात होतं. समोरासमोर बसून मला पैशाचं बोलता येत नाही, म्हणून मोरीशी पाठमोरी उभी राहून, भांडी विसळता विसळता मी बोलायला लागले. नळ गळत होता. यांच्या कानात मशीन होतं, ते मी आधी पाहून घेतलं.

“अहो, ऐकलंत का?” मी म्हटलं. आमच्या पिढीत नवऱ्याला नावाने हाक मारत नसत. पस्तीस वर्षं माझी हाक एवढीच. “डोळ्याचं ऑपरेशन करायला सांगितलंय. लेन्सचे पैसे मात्र आपल्याला भरावे लागतील. थोडे नाहीयेत. पण मला परत वाचायचं आहे हो. सोमवारपर्यंत कळवायचंय. काय करू या?”

मी वळून पाहिलं. यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, हात किंचित वर केला आणि म्हणाले, “राहू दे गं.”

राहू दे.

माझ्या हातातली ताटली मी खाली ठेवली. रागाने बोलले असते तर मी दोन शब्द ऐकवले असते. पैसे नाहीत म्हणाले असते तर मी गप्प बसले असते, कारण ते मलाही माहीत होतं. पण यांनी अगदी प्रेमाने, माश्या उडवाव्यात तसं ‘राहू दे गं’ म्हटलं. जिचे डोळे पाहून लग्न केलं, तिच्या डोळ्याला हा माणूस राहू दे म्हणतो! आणि वर दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बाजारात गेले, नळासाठी वायसर आणलं आणि तासभर खपून नळ दुरुस्त केला. झाल्यावर माझ्याकडे असे बघत होते की जणू गड जिंकून आलेत. वायसरला पैसे होते, माझ्या डोळ्याला नव्हते.

सोमवारी मी दवाखान्यात गेले नाही. मी अबोला धरला.

अबोला म्हणजे साधासुधा नाही. अगदी कामापुरतंसुद्धा नाही. ताट पुढे ठेवायचं, आदळायचं नाही पण ठेवल्याचं कळेल असं ठेवायचं. पूर्वी माझा अबोला दोन दिवस टिकायचा. तिसऱ्या दिवशी हे काहीतरी वेडंवाकडं बोलून मला हसवायचे. या वेळी आठवडा झाला, महिना झाला, यांच्या लक्षातसुद्धा आलं नाही! मजेत होते. माझ्याकडे पाहून हसायचे, मान डोलवायचे, गोळ्यांची डबी भरायचे. रविवारी लेकीचा परगावाहून फोन आला, की मात्र कान कसे बरोबर उघडायचे. तिच्याशी दहा मिनिटं गप्पा, हसणं. फोन ठेवला की माझ्या बाबतीत पुन्हा ठार बहिरे. माणूस एका कानाने ऐकून दुसऱ्या कानाने सोडतो इथवर मला माहीत होतं. यांनी तर मला पहिल्या कानाशीसुद्धा उभं केलं नाही.

असे दोन महिने मी काढले. संध्याकाळी दिवे लागले की प्रत्येक दिव्याभोवती मला कापसाचा बोळा दिसायचा, आणि त्याच्याकडे बघत मी मनातल्या मनात यांच्याशी भांडत बसायचे. खरं सांगू? डोळा गेल्याचं दुःख होतं, पण त्याहून जास्त दुःख होतं ते माणूस हातचा गेल्याचं. म्हातारपणी नवरा असा परका होतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग एका दुपारी डोळ्यात फारच खुपायला लागलं म्हणून मी थेंब आणायला स्वतः दुकानात गेले. औषधवाले माझ्या लेकीच्या वयाचे. चष्मा कपाळावर चढवलेला, आणि तोच चष्मा काउंटरवर शोधत होते. मी म्हटलं, “कपाळावर आहे.” ते ओशाळून हसले.

“काकू, बरं झालं आलात. काका कसे आहेत? कानाचं काय केलंत, ऑपरेशन का?”

“कसलं ऑपरेशन?”

“नाही, सहा महिने झाले, बॅटऱ्या बंद केल्यात ना, म्हणून विचारलं.”

“बंद? दर महिन्याला मी स्वतः लिहितेय की!”

“हो, तुम्हीच लिहिता,” ते म्हणाले. मागच्या भिंतीवरच्या तारेला टोचलेल्या याद्यांतून त्यांनी आमच्या याद्या शोधून काढल्या आणि माझ्यापुढे ठेवल्या. “हे बघा. काटलंय, आणि बाजूला ‘राहू द्या’. हे बघा पुढचा महिना. ‘राहू द्या’. म्हणून मी राहू दिल्या.”

“अहो, राहू द्या म्हणजे राहू द्या!” मी ओरडलेच.

“तेच तर म्हणतोय काकू.”

“राहू द्या म्हणजे ठेवा! काटलेलं परत घ्या! खाली टिंबं दिलीत ती काय शोभेला?”

“मला वाटलं पेन्सिल आपटली असेल.”

दुकानात आणखी दोघंजण उभे होते, ते आमच्याकडे बघायला लागले. मी त्यांना छापखाना, प्रुफं, काट रद्द करायची खूण, सगळं समजावून सांगितलं. औषधवाल्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग चष्मा पुसत म्हणाले, “काकू, रागावू नका. पण या काउंटरवर ‘राहू द्या’चा अर्थ एकच आहे. तुमच्या वयाची माणसं येतात, चिठ्ठी देतात. मी भाव सांगतो. मग ते चिठ्ठीकडे बघतात आणि म्हणतात, हे एक राहू द्या. दिवसातून पन्नास वेळा ऐकतो. दुसरा काही अर्थ असेल असं माझ्या डोक्यातच आलं नाही.”

माझ्यामागे उभे असलेले आजोबा आपल्या हातातली चिठ्ठी घडी करत होते.

“पण बिल तर तेवढंच यायचं,” मी शेवटी म्हटलं.

“बॅटऱ्या गेल्या तेवढ्यात बाकीच्या गोळ्या वाढल्या, काकू.”

एकतीस वर्षांत माझ्या हातून एकही मोठी चूक गेली नव्हती. दुसऱ्यांच्या धाचे मा मी पकडले. आणि स्वतःच्या घरात, स्वतःच्या हाताने, सलग सहा महिने मी माझ्या नवऱ्याचा कान काटत होते.

बॅटऱ्यांचं एक कार्ड घेतलं आणि डोळ्याचे थेंब राहू दिले. म्हणजे दुकानातल्या अर्थाने. घरी येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. हे टेबलाशी बसून शर्टाला बटण लावत होते. मी कार्ड यांच्यापुढे टाकलं. यांनी कार्डाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि चेहरा असा काही उजळला की मला भडभडून आलं.

“अगं, हे काटलं होतं ना आपण?” हे मोठ्याने म्हणाले. स्वतःचा आवाज ऐकू येत नसला की हे फार मोठ्याने बोलतात, हेही माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मी यांच्या कानातलं मशीन काढून घेतलं. बॅटरीचं बारीकसं दार उघडायला गेले तर ते मला दिसेना. यांना सांगायला गेले तर यांना ऐकू येईना. बहिऱ्याला हाक आणि आंधळ्याला आरसा म्हणतात त्यातली गत. शेवटी मी मशीन यांच्या हातात ठेवलं आणि यांनीच ते दार नखाने उघडून दाखवलं. आत बॅटरीच नव्हती.

“रिकामं मशीन कानात घालून बसत होतात?” यांनी नवी बॅटरी बसवल्यावर मी पहिलं हेच विचारलं.

“सावकाश बोल,” हे दचकून म्हणाले. “हो, रिकामंच. काढून ठेवलं असतं तर रोज तुझ्या डोळ्यांवर आलं असतं. मी काटलं, आणि बॅटऱ्या आल्या नाहीत. मला वाटलं, या खेपेला तुलाही पटलं. घर तू चालवतेस. तुला किती कठीण गेलं असेल ते काटलेलं तसंच ठेवताना. म्हणून काही बोललो नाही. दोन जुन्या शिल्लक होत्या, त्या लेकीच्या फोनपुरत्या पुरवल्या. त्याही मागच्या रविवारी संपल्या.”

“आणि माझ्यापुरत्या?”

“तुझं मला तोंडाकडे बघून कळतं की.”

“काय कळतं, कपाळ! त्या शनिवारी मोरीशी उभी राहून मी काय म्हणत होते?”

“नळाचं म्हणत होतीस,” हे लगेच म्हणाले. “पाठमोरी होतीस, पण नळ गळत होता, आणि तू कळवळून बोलत होतीस. मला वाटलं, प्लंबर बोलावू का विचारतेयस. त्याला कशाला पैसे घालायचे म्हणून म्हटलं, राहू दे गं. दुसऱ्या दिवशी केला ना मी दुरुस्त?”

मी खुर्ची यांच्यासमोर ओढली. मग सांगितलं. डोळा, लेन्स, सोमवार, सगळं. पाठमोरी नाही, समोर बसून. पैशाचंसुद्धा समोर बसून. हे सुईदोरा हातात धरून ऐकत होते.

“म्हणजे तुझ्या डोळ्याला मी राहू दे म्हटलं,” हे म्हणाले.

“हो.”

“आणि तू ते खरं मानलंस.”

मी म्हटलं, “दोन महिने अबोला धरला होता मी.”

“अबोला?” हे बघतच राहिले. “मला वाटलं माझा कान आणखी गेलाय. रोज रात्री म्हणायचो, आता हिचे ओठ हललेलेसुद्धा मला दिसत नाहीत. तू बोलतच नव्हतीस होय!”

आणि मग आम्ही हसायला लागलो. हसलो ते हसलोच. मधेच कधीतरी मी रडतेय असं माझ्या लक्षात आलं. यांनी अर्धवट बटण लावलेल्या शर्टाने माझा डोळा पुसला. लोक एकमेकांकडे कानाडोळा करतात. आमच्या घरी कान एकाचा आणि डोळा दुसऱ्याचा, आणि दोन्ही बंद.

इथे मला आमच्या लग्नाचं सांगायला हवं. प्रूफ तपासायला दोघं लागतात. एकजण मूळ प्रत मोठ्याने वाचतो, अगदी विरामचिन्हांसकट, आणि दुसरा प्रुफावर डोळे ठेवून पडताळतो. वाचणारे हे, पडताळणारी मी. दिवसाचे आठ तास हा आवाज माझ्या कानात असायचा. एकदा भूगोलाच्या पुस्तकाचं प्रूफ होतं. हे वाचत होते, “डोंगराच्या उतारावर पाऊस अधिक पडतो, पूर्णविराम. समोर बसलेली बाई मला फार आवडते, पूर्णविराम. नवा परिच्छेद.” मी ते वाक्य प्रुफात शोधलं. दोनदा शोधलं. सापडेना, म्हणून समासात लिहिलं, ‘मजकूर गळला आहे’. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि कान तापले. हे खाली मान घालून म्हणाले, “मूळ प्रतीत नाहीये ते. काढून टाकू?” मी समासातलं माझं वाक्य खोडलं नाही. आमचं लग्न त्या समासात ठरलं.

तर त्या दिवशी डोळे पुसून झाल्यावर हे उठले आणि कपाटातून, कपड्यांच्या थराखालून एक पाकीट काढून आणलं. त्यावर यांच्या अक्षरात लिहिलेलं होतं ‘नंतर’. आम्हा दोघांपैकी जो आधी जाईल त्याच्या शेवटच्या खर्चासाठी ते बाजूला ठेवलं होतं, लेकीवर बोजा नको म्हणून. गेल्या नऊ वर्षांत कितीही अडलं तरी त्याला आम्ही हात लावला नव्हता. यांनी पेन्सिल घेतली, ‘नंतर’वर काट मारली आणि बाजूला लिहिलं ‘आत्ता’.

“वेड लागलंय का? मग नंतरचं काय?” मी म्हटलं.

“नंतरचं नंतर,” हे म्हणाले. “ज्याच्यासाठी हे पैसे ठेवलेत त्याला त्या दिवशी काही दिसणार नाही. तू आत्ता बघ.”

ते पाकीट पुन्हा भरणार नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. पेन्शन वाढणार नव्हती आणि गोळ्या स्वस्त होणार नव्हत्या. मी पेन्सिलीकडे पाहिलं. ही काट रद्द करायची तर ‘नंतर’खाली टिंबं द्यायची, एवढंच होतं. मी पेन्सिल उचलली नाही. मला वाचायचं होतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आजी, सोमवारी कळवायचं होतं ना? कुठला सोमवार आणि कुठला हा!” मी म्हटलं, “घरी जरा प्रुफाची चूक झाली होती.” त्यांनी नवा नंबर दिला, दहा आठवड्यांनंतरचा. ते दहा आठवडे आम्ही खूप बोललो. इतकं बोललो की एकदा हे म्हणाले, बॅटरी जरा बंद करू का, आणि मी पोळपाटावरचं लाटणं उगारलं.

ऑपरेशनच्या दिवशी हे सकाळपासून बाकावर बसून होते. कानात नवी बॅटरी घातलेली, आणि हाताशी एक जास्तीची. आत जाताना मी मागे वळून म्हटलं, “अहो, ऐकलंत का?” म्हणायचं असं काही नव्हतं. सवयीने म्हटलं.

“ऐकलं,” हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. खोलीतला पांढरा रंग इतका पांढरा होता की मला खोटा वाटला. मग यांच्याकडे पाहिलं, आणि हा माणूस किती म्हातारा झालाय ते मला एकदम दिसलं. वर्षभर कापसातून बघत होते मी यांना. गाल बसलेत, गळ्याची कातडी सैल झालीय, दाढी करताना हनुवटीखाली कापलंय. मला फार माया आली. मी काही बोलले नाही, नाहीतर म्हणाले असते, याच्यासाठी लेन्स बसवली का?

घरी आल्यावर दवाखान्याने दिलेला सूचनांचा छापील कागद घेऊन हे खुर्चीत बसले. डोळ्यांवर ताण द्यायचा नाही असं मला बजावून यांनी वाचायला सुरुवात केली, छापखान्यात वाचायचे तसंच.

“एक, थेंब दिवसातून चार वेळा घालावेत, पूर्णविराम. दोन, डोळा चोळू नये, पूर्णविराम. तीन, वाकून जड वस्तू उचलू नये, पूर्णविराम. चार, धूर, स्वल्पविराम, धूळ यांपासून जपावं, पूर्णविराम. पाच, बायको बोलत असताना नवऱ्याने नुसती मान डोलवू नये, स्वल्पविराम, ऐकू आलं नाही तर पुन्हा विचारावं, पूर्णविराम.”

“इकडे आणा तो कागद,” मी म्हटलं.

“ताण देऊ नकोस म्हणून सांगितलंय.”

“आणा म्हणते ना.”

पहिल्या चार ओळी छापलेल्या होत्या. पाचवी खाली पेन्सिलने, मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेली होती. मी पहिल्यापासून वाचत आले. ‘यांपासून’वर अनुस्वार होता. ‘ऐकू आलं’ यातल्या ‘लं’वर होता. सगळे जागच्या जागी होते.

हे लाजले. या वयात लाजतात, काय सांगावं! “दवाखान्याचा कागद आहे, पुढच्या वेळी परत न्यायचाय,” म्हणत यांनी कागद माझ्या हातून घेतला आणि पाचव्या ओळीवर काट मारली.

मी पेन्सिल मागितली. काटलेल्या शब्दांखाली एकेक करून टिंबं देत गेले, ओळ संपेपर्यंत. मग ती मोजून पाहिली. सगळीच्या सगळी मला दिसत होती. समासात लिहिलं, राहू द्या.